पूजेत मांडलेले औषध

ज्या बाईंविषयी मी हे लिहितो आहे, त्यांच्याशी मी एकदा खोटे बोललो. वाक्य फार लहान होते. “नाही, मॅडम,” एवढेच. ते बोलल्याला एकतीस वर्षे झाली आणि त्यांतली जवळजवळ सगळी वर्षे मी ते माझ्या पत्नीपासूनही लपवून ठेवले. दुसऱ्या माणसाविषयी लिहिताना लिहिणाऱ्याने स्वतः मागे राहावे, असा संकेत आहे. मला तो पाळता येणार नाही. खरात मॅडम कशा होत्या हे सांगायचे तर त्यांच्या कामाचे काय झाले हे सांगावे लागेल. आणि जे झाले ते माझ्या हातून झाले.

डॉ. विमल खरात कोणतेही दार उघडण्याआधी त्यावर बोटाने दोनदा टकटक करीत. आमच्या प्रयोगशाळेत एक अंधारखोली होती. आत काम चालू असताना कोणी दार ढकलले, तर आतले औषध बिघडे. म्हणून लागलेली ही सवय. पुढे ती त्यांच्या अंगात इतकी मुरली की स्वतःच्या टेबलाचा खण, जेवणाचे डबे ठेवायचे कपाट, बाहेरच्या बाजूने कडी घातलेली भांडारखोली, सगळ्यावर त्या आधी टकटक करीत. सिरप भरणाऱ्या मुली हसत.

“मॅडम, खणात कोण बसलंय?”

“कोणी नसेल तर उत्तमच,” त्या शांतपणे म्हणत. “असेल तर बिचाऱ्याला डोळे मिटायला वेळ नको?”

ही गोष्ट मुलुंडची, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. आमची कंपनी खोकल्याचे सिरप आणि खरजेचे मलम तयार करी. इमारतीच्या मागच्या अंगाला संशोधनासाठी तीन खोल्या होत्या. त्यांतली एक अंधारखोली. तिच्यातला अगदी मंद दिवा मॅडमनी घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओतून मागून आणलेला होता. मी एम.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्या खोलीत नेले आणि एका परीक्षानळीवर निळसर दिव्याचा झोत सोडला. नळीतले कोकमाच्या आगळासारखे काळपट लाल पाणी एकदम जास्वंदीसारखे पेटले. माझ्या तोंडून “वा!” निघून गेले.

“वा नंतर म्हण. आधी ऐक,” त्या म्हणाल्या. “हे रोग्याच्या शिरेत टोचायचं. दोन-तीन दिवसांत बाकीच्या शरीरातून ते निघून जातं, गाठीत मात्र रेंगाळतं. मग त्या गाठीवर तांबडा उजेड पाडायचा. उजेड पडला की हे तिथल्या प्राणवायूला चिथावतं, आणि तो प्राणवायू गाठ जाळतो. फक्त गाठ. बाजूचं मांस शाबूत.”

“आणि उजेड आधीच पडला तर?”

“तर हे स्वतःलाच खातं. आगपेटीतली काडी आहे ही. खिशातच पेटली तर चुलीच्या काय कामाची?”

सगळी अडचण नेमकी तिथेच होती. असे औषध परदेशात निघाले होते, पण प्रत्येक घाण्याला त्याचा गुण बदले आणि पाण्यात विरघळवून ठेवले की काही आठवड्यांत ते मंद होई. मॅडमना ते टिकाऊ करायचे होते. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी तांबड्या उजेडाचे एक यंत्र मिळवले होते. त्यांनी मॅडमना सांगितले होते, “सहा महिने जसंच्या तसं राहणारं औषध आणा. ज्यांच्यावर आता शस्त्रक्रिया होऊ शकत नाही अशा काही रोग्यांवर वापरायची परवानगी मी काढतो.”

औषधाचा कच्चा माल म्हणजे रक्त. कत्तलखान्यातून ते कॅनमधून येई. मॅडम ते गरम आम्लात थेंबथेंब सोडीत आणि थंड झाल्यावर तळाशी निळ्या-काळ्या चकचकीत कणांचा थर बसे. कॅन उचलायला कोणी पुढे येत नसे. मॅडम पदर खोचून स्वतः उचलीत. एकदा त्या कॅन घेऊन गेल्यावर आमच्यातला एक जण हलक्या आवाजात म्हणाला, “बाईंना सवय असेल.” मॅडम जालन्याकडच्या बौद्ध कुटुंबातल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या वाक्याचा रोख मला कळला आणि तरीही मी हसलो. मॅडमच्या कानावर ते गेले असावे, कारण हात धुऊन आल्यावर त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “रक्ताला वास येतो तो लोखंडाचा. तुमच्याही रक्तात तेवढंच असतं. मोजून दाखवू?” त्या दिवसापासून कॅन मी उचलू लागलो, पण हसलो होतो, ते हसलोच होतो.

त्या विक्रोळीच्या एका चाळीत थोरल्या भावासोबत राहत. सुखदेवदादा कारखान्यातल्या भट्टीवर कामाला होते. त्यांनी जोडपाळ्या करून बहिणीला डॉक्टरेटपर्यंत शिकवले होते. त्यांची पत्नी बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली सुजाता आता आठ वर्षांची होती आणि तिला आत्यानेच वाढवले होते. मॅडमनी लग्न केले नाही. कोणी विचारलेच तर म्हणत, “एक पोर, एक भाऊ आणि एक औषध. चौथ्याला बसायला जागा कुठंय आमच्या खोलीत?”

सुखदेवदादांच्या गालात आतून जखम झाली होती. तंबाखूची. एकदा शस्त्रक्रिया झाली, किरणेही देऊन झाली. वर्षभरात त्याच जागी पांढरे-तांबडे चट्टे पुन्हा उमटले. पुन्हा कापायला गाल उरला नव्हता. शल्यविशारदांनी ज्या रोग्यांचे वर्णन केले होते, नेमके तसेच ते होते. मॅडमनी डॉक्टरांना रोग्यांच्या यादीत भावाचे नाव घालायला सांगितले, आणि सर्वांत शेवटी घालायला सांगितले. मी चकित होऊन विचारले, “शेवटी का?”

“वर घातलं तर मी आकडे चांगले यायची वाट बघेन,” त्या म्हणाल्या. “आणि वाट बघणाऱ्यानं आकडा लिहू नये.”

चैत्रात, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी आपल्या नव्या पद्धतीच्या औषधाच्या चोवीस कुप्या भरून काचेची तोंडे वितळवून बंद केली. गाळ बसला तर दिसावा म्हणून काच पांढरीच वापरली. कुप्या खाचांच्या लाकडी पेटीत, पेटी दुहेरी काळ्या फडक्यात आणि फडके बांधलेली पेटी कुलपाच्या कपाटात. कपाटाच्या दाराला दोरीने एक वही टांगलेली होती. कपाट उघडणाऱ्याने तीत वेळ, कारण आणि सही लिहायची. “पाच मिनिटं उघडलं तर पाच लिही. सहा उघडलं तर सहा. खोटी पाच मला नकोत,” हा त्यांचा पाठ मला तोंडपाठ होता. दर महिन्याला त्या तीन कुप्या फोडून औषधाचा जोर मोजत. पहिल्या दिवशी जो आकडा होता, तोच पाचव्या महिन्याला होता. पाचव्या महिन्याचा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसलेले पाहिले.

“श्रीधर,” त्या म्हणाल्या, “काल दादाच्या तोंडातून पाणीसुद्धा बाहेर आलं रे. एकच महिना राहिला. एवढा एक महिना त्याला काढू दे.”

सहा कुप्या उरल्या होत्या. तीन सहाव्या महिन्याच्या आणि तीन राखीव.

सहावे मोजमाप दसऱ्यानंतर व्हायचे होते. सुखदेवदादांना एकदा दीक्षाभूमीवर जायचे होते. पुढच्या वर्षीची खात्री त्यांनाही नव्हती. मॅडम अष्टमीला भावाला आणि सुजाताला घेऊन नागपूरला निघाल्या. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “उघडायचं काही कारण नाही. तरी तुझ्याकडे असू दे. दुसऱ्या कुणाकडे द्यायला जीव धजत नाही.”

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. सिरप विभागातले परबमामा ती मांडत. ते मालवणकडचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. संशोधनाच्या खोलीतही ते दर वर्षी येत आणि खिडकीजवळच्या टेबलावर तराजू, थर्मामीटर, काचेची भांडी ठेवून त्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुले वाहत. त्या सकाळी टेबल मांडून झाल्यावर ते म्हणाले, “रे, पण तुमचा खरा हत्यार खंय आसा? ज्याच्यासाठी एवढा रगात आटवतात, तां?”

मी कपाट उघडले. का उघडले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सुखदेवदादांसाठी माझा जीव तुटत होता, हे खरे. देवापुढे ठेवले तर बरे होईल, असे मनात आले, हेही खरे. पण दारात सिरप विभागातल्या मुली उभ्या होत्या आणि ते लाल पाणी त्यांना दाखवायची मला हौस होती, हेही तितकेच खरे आहे. त्यात भक्ती किती होती आणि मिरवणे किती, याची वाटणी मला आजही करता येत नाही. मी फडके सोडले, पेटीचे झाकण काढले आणि पेटी झेंडूच्या मधोमध ठेवली. मुली “अगंबाई!” म्हणाल्या. परबमामांनी एकेका कुपीला कुंकवाचे बोट लावले. फार सुंदर दिसत होते ते.

दहा मिनिटांत उचलायची, असे मी ठरवले होते. तेवढ्यात कंपनीच्या साहेबांनी बाजारात काही कामाला पाठवले. परत आलो तेव्हा दुपारचे ऊन खिडकीतून थेट टेबलावर उतरले होते. आश्विनातले ऊन, पत्रासुद्धा तापून कडकड वाजत होता. मी धावत जाऊन पेटीला हात घातला.

“आ हा हा!” परबमामांनी माझे मनगट धरले. “मांडलेली पूजा उठवची नाय. उद्या उत्तरपूजा झाली काय मगे घे.”

“मामा, हे उन्हात चालत नाही.”

“देवाच्या म्होरे ठेवलेला बिघाडता काय खंय? शिकलंस ना रे तू?”

मी त्यांना समजावून सांगू शकलो असतो. निदान पेटीवर फडके टाकू शकलो असतो. पण मुली बघत होत्या, पूजेत हात घालणारा म्हणून माझ्याकडे पाहिले जाईल याचा मला संकोच वाटला, आणि बिघडायचे ते आतापर्यंत बिघडलेच असेल किंवा नसेलच, असला एक लंगडा विचार माझ्या मदतीला आला. मी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाल्यावर मी कुप्यांचे कुंकू ओल्या बोळ्याने पुसले, पेटी फडक्यात बांधली आणि कपाटात ठेवली. पाणी डोळ्यांना पूर्वीसारखेच लाल दिसत होते. वहीत मी काहीच लिहिले नाही.

मॅडम परतल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी आणली होती. त्या प्रसन्न होत्या. दादा दीक्षाभूमीवर तासभर उन्हात बसून राहिला, कोणाचा हात न धरता उठला, असे सांगत होत्या. परबमामा बर्फी घ्यायला आले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, “मॅडम, तुम्ही नव्हतात तरी तुमच्या औषधाक फूल वाह्यलंव हां. आता भियाचा काम नाय.”

मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिले.

“कपाटाला, मॅडम,” मी म्हणालो. “कपाटाला हार घातला होता.”

परबमामांचा बर्फीचा हात तोंडापाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, मग मॅडमकडे पाहिले, आणि बर्फी तशीच हातात घेऊन ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी तीन कुप्या फोडल्या. मी समोर उभा होतो. मोजणीच्या यंत्राचा काटा नेहमीच्या जागेच्या अर्ध्यावरही चढला नाही. त्यांना वाटले यंत्र बिघडले. यंत्र तपासले. दुसरी कुपी, तिसरी. मग तीन राखीवही फोडल्या. अंधारखोलीत निळा दिवा लावला तेव्हा जास्वंद कुठेच नव्हती. विझत्या निखाऱ्यासारखी एक मळकट धग होती. मग बाहेर येऊन त्यांनी कपाटावरची वही काढली आणि सहा महिन्यांची एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

“श्रीधर, मी नव्हते तेव्हा पेटी हलली होती का?”

“नाही, मॅडम.”

“उघडली नव्हतीस?”

“नाही.”

त्यांनी वही मिटली. “तू म्हणतोस म्हणजे नाही,” त्या म्हणाल्या. “मग माझंच कुठेतरी चुकलंय.”

मी का बोललो नाही? नोकरी कायम व्हायची होती. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुढची पदवी घ्यायची होती. शिवाय त्या आपल्या श्रद्धेच्या जागी गेलेल्या असताना मी त्यांचे औषध आमच्या पूजेत मांडले, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? ही सारी कारणे खरी आहेत आणि एकही पुरेसे नाही. संध्याकाळी परबमामांनी मला फाटकाशी गाठले.

“माका त्या औषधातला काय कळत नाय. पण तू खोटा कित्याक बोललंस?”

“सांगतो, मामा. उद्या सांगतो.”

“सांग. मी सांगलंय तर तुकाच बरा दिसाचा नाय. बाय भली आसा.”

मी उद्या सांगितले नाही. परवाही नाही. मुलींना पूजा आणि बिघाड यांचा संबंध जोडता आला नाही, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मॅडमनी त्यांना कधी विचारले नाही. दिवाळीत परबमामा निवृत्त होऊन गावी गेले, आणि मला हायसे वाटले. हे लिहिताना माझी मान खाली जाते, पण वाटले होते.

मॅडमनी साहेबांकडे आणखी सहा महिने मागितले. मी फायली घेऊन मागे उभा होतो. त्या बाईंना मी कधी कोणापुढे अजिजी करताना पाहिले नव्हते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “साहेब, पगार नका देऊ. सकाळी सिरपचं काम करते, दुपारनंतर फक्त खोली वापरू द्या.” साहेब सज्जनच होते. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “खरात बाई, मेहनतीबद्दल शंका नाही हो. पण हे काम वेगळंच. सगळ्यांच्याच हाताला ते यश नसतं.” त्या वाक्याचाही रोख मला कळला. माझ्या एका शब्दाने ते वाक्य तिथल्या तिथे खोटे ठरले असते. मी फायली एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

त्यांची बदली सिरपच्या तपासणीवर झाली. अंधारखोली रिकामी झाली, तरी जेवणाच्या सुट्टीत त्या तिथे दार लावून बसत. एकदा मी दारावर टकटक केली, तेव्हा आतून आवाज आला, “थांब, औषध उघडं आहे.” आत औषध नव्हते. काहीच नव्हते. मी मात्र थांबलो, आणि पाच मिनिटांनी त्या डोळे पुसत बाहेर आल्या.

माघात मी त्यांच्या चाळीत गेलो. सुखदेवदादांचा गाल एका बाजूने उघडा पडला होता, त्यावर फडके बांधलेले होते. बोललेले कळत नसे, म्हणून ते सुजाताच्या पाटीवर लिहीत. मला पाहून त्यांनी लिहिले, “या सायंटिस्ट.” मॅडमनी चहा ठेवला. दादांनी पाटी पुसून पुन्हा लिहिले, “औषदाचं काय झालं? ही सांगत नाही.”

मॅडम स्टोव्हकडे तोंड करून म्हणाल्या, “माझं चुकलं, दादा. माझ्या हातून बिघडलं.”

दादांनी मान जोरजोरात हलवली. खडू इतका दाबून लिहिले की तो मोडला. “इमे, तुझा हात चुकत न्हाई. दुसरंच काही झालं असंल. नीट शोध.” त्यांनी ती पाटी आधी बहिणीला दाखवली, मग माझ्याकडे वळवली. माझ्या हातात कप होता. मी तो तोंडाला लावला आणि चहा संपेपर्यंत खाली ठेवला नाही. त्यांनी पाटी पुसून थट्टेने लिहिले, “काहून रे, कडू लागला का?”

ते बुद्धपौर्णिमेच्या आधी गेले. औषध टिकले असते तर ते जगले असते, असा दावा मी करणार नाही. तेवढे रसायनशास्त्र मला येते. यादीत त्यांचे नाव शेवटचे होते. पण त्या यादीतल्या कोणाचीच पाळी आली नाही.

त्यानंतर वर्षभराने मी मुलुंड सोडले आणि पवईच्या बाजूला दुसऱ्या प्रयोगशाळेत लागलो. मॅडमची पद्धत मी उतरवून घेतलेली होती. कोणाला न सांगता मी ती शब्दशः करून पाहिली, कुप्या अंधारात ठेवल्या आणि दर महिन्याला मोजल्या. सहा महिने झाले. आठ झाले. आकडा जागचा हलला नाही. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी यंत्रच पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की कोण जाणे, पद्धतीतही दोष असेल. आता ती पळवाटही राहिली नाही. मी ते कागद कुलपात टाकले. पुढे जगात यापेक्षा चांगली औषधे निघाली आणि मॅडमच्या पद्धतीची कोणाला गरज उरली नाही. तिचे काही मोल उरले असेल, तर ते एकाच बाईंपुरते होते.

जुने सहकारी कधी भेटले की त्यांच्याविषयी कळे. निवृत्त होईपर्यंत त्या सिरपची साखर आणि दाटपणा तपासत राहिल्या. नव्याने लागलेल्या पोरांनाही विचारत, “जरा बघ ना, बरोबर तोललंय ना मी?” सांगणारे हे गमतीने सांगत. ज्या बाईंना मी एकही वस्तू दुसऱ्यांदा तोलताना पाहिले नव्हते, त्यांचे हे वर्णन ऐकून मला तिथून उठावे लागे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुजाताचा फोन आला. ती आता चारकोपला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. आत्या तिच्याकडेच असते. “काका, आत्याला तुमच्याकडून एक माहिती हवीय. तिला वाटतं, तुम्हाला आठवत असेल.” कशाची माहिती, ते तिला सांगता आले नाही. फोन ठेवल्यावर मी पत्नीला सगळे सांगितले. तिने माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे मला कशाला सांगतोस? इतकी वर्षं ज्यांना सांगायचं त्यांना सांग जा.”

मॅडम सत्तरीच्या झाल्या होत्या. केस पांढरे, डोळ्यांवर जाड भिंगे, पाठ मात्र ताठ. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, “अरे, टक्कल पडलं की तुला! बस.” मग लगेच उशाची एक जाड वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. वहीत कारणे लिहिलेली होती. कुप्यांची काच. काच वितळवताना लागलेली धग. क्षारांचे प्रमाण. कुपीत राहिलेली हवा. प्रत्येक कारणाखाली बारीक अक्षरात हिशेब, आणि शेवटी त्यावर मारलेली काट. पानेच्या पाने काटलेली. कित्येक ठिकाणी शाई निराळी होती, अक्षर म्हातारे होत गेलेले दिसत होते.

“सगळं तपासून झालं,” त्या म्हणाल्या. “एकच राहिलंय. त्या वर्षी आपलं ऊर्ध्वपातनाचं भांडं बदललं होतं का रे? पाण्यात लोह उतरलं असेल, तर जमतं. दादा म्हणाला होता नीट शोध. मला एकदा कळलं की मी काय चुकले, म्हणजे झालं.”

सुजाता पोहे घेऊन आली आणि आत जायला वळली. मी तिला थांबवले. “तूही बस, सुजाता. तुझ्यासमोर बोलायचंय.” ती आत्याच्या शेजारी पलंगावर बसली. मॅडम पुढे झुकून, वहीवर पेन धरून, उत्तराची वाट बघत होत्या.

“मॅडम, पाण्यात काही नव्हतं. भांडंही बदललं नव्हतं. ते लिहू नका. तुम्ही नागपूरला होतात तेव्हा खंडेनवमीला कपाट मी उघडलं. फडकं सोडून तुमची पेटी पूजेत मांडली, खिडकीपाशी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती उघड्यावर राहिली. परबमामा खरं सांगत होते. तुम्ही मला विचारलंत, दोनदा विचारलंत, आणि मी नाही म्हणालो. पुढे मी तुमची पद्धत करून पाहिली. औषध आठ महिने टिकलं, मॅडम, आकडा हलला नाही. तेव्हाही मी आलो नाही. सुजाता, तुझ्या बाबांनी मला पाटी दाखवली, आणि मी चहा पीत बसलो. त्यांची पाळी मी येऊ दिली नाही. मॅडम, तुमचं काहीही चुकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मी चुकलो, आणि ती चूक मी तुमच्या अंगावर टाकून निघून गेलो. मी तुमची माफी मागतो. तुम्हा दोघींची मी माफी मागतो.”